वेगवेगळ्या ट्रेनिंगचे लोक असलेल्या नवीन इम्प्रोव्ह ग्रुपमध्ये एकजूट कशी आणायची?

काय भो, इम्प्रोव्हबद्दलचा (म्हणजे स्क्रिप्टशिवाय, जागच्या जागी सुचेल तसे सीन करण्याबद्दलचा) प्रश्न वाचला. म्हणजे तुमच्याकडे एक राज्य नाट्य स्पर्धावाला, दोघं विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवात स्किट केलेले, एक पुण्याहून इम्प्रोव्हचं वर्कशॉप करून आलेला आणि एक तमाशाच्या घरातला, आणि दर प्रॅक्टिसला 'असं नसतं करायचं' यावरून वाजतं. जळगावात आमचाही ग्रुप असाच होता म्हणून सांगतो.

कोणाची पद्धत बरोबर यात पडूच नका, तो वाद बाहेरसुद्धा मिटलेला नाहीये. कीथ जॉनस्टनने १९७७ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीत थिएटरस्पोर्ट्स (टीमा पाडून इम्प्रोव्हची मॅच) सुरू केलं, त्याचं लक्ष स्टेटस (सीनमध्ये कोण वरचढ, कोण दबलेला) आणि गोष्टीवर, शिकागोत डेल क्लोजचा हॅरॉल्ड म्हणजे वेगवेगळे सीन पुढे एकमेकांत गुंतवत नेणं, आणि यूसीबी (अपराइट सिटिझन्स ब्रिगेड) हा अमेरिकन ग्रुप, ते म्हणतात सीनमधली एक विचित्र गोष्ट पकडा नि तीच वाढवा. तिन्हीकडे लोक हसतात, विषय संपला.

मला विचाराल तर भांडण कॉमेडीवरून नसतंच, सीन कोणी आणि कधी तोडायचा यावरून असतं. नाटकवाला ब्लॅकआऊटची वाट बघत उभा, स्किटवाल्या पोरांना पंच पडला की संपलं वाटतं, आणि तेवढ्यात वर्कशॉपवाला स्टेजच्या पुढून पळत जाऊन स्वीप मारतो, म्हणजे सीन तिथेच संपवतो, मग नाटकवाल्याचं तोंड पुढचा तासभर पडलेलं. म्हणून सुरुवातीला फक्त हेच घोटा. दोघं सीनमध्ये, बाकीचे बाजूला उभे, कोणीही स्वीप मारायचा किंवा खांद्यावर हात ठेवून टॅग करायचं, म्हणजे त्याला बाहेर काढून आपण आत शिरायचं, आणि 'का तोडला' हे विचारायचंच नाही, सीन भंगार झाला तरी चालेल.

मग एकेका प्रॅक्टिसला एकेकाने आपलं शिकवायचं आणि त्या दिवशी बाकीच्यांनी अक्कल पाजळायची नाही. आमच्या तमाशावाल्याने बतावणी करून दाखवली, एक जण उलटा अर्थ घेतोय आणि दुसरा न चिडता त्याला पुढचं वाक्य पुरवतोय, ते बघून 'यस अँड' वर (समोरच्याचं म्हणणं मान्य करून त्यात भर घालायची, या नियमावर) लेक्चर देणारे आमचे साहेब चक्क गप्प! (तो मध्येच पब्लिककडे वळून बोलतो, त्याला तेवढी सूट द्या, लोकांना तेच आवडतं.)

सीन आपापल्या बोलीत करा. धुळ्याकडचा अहिराणीत 'काय करी राहिना तू' म्हणाला आणि यावल-रावेरच्याने लेवा गणबोलीत उत्तर दिलं की कोण कुठे शिकलाय हे कोणाच्या डोक्यातच राहत नाही, शुद्ध मराठीत बोलायला लागलं की प्रत्येकाला आपापले सर आठवतात.

सोबत खेळणाऱ्यांनी नोट्स (सीन झाल्यावरच्या सूचना) एकमेकांना देऊ नका, हे पाळलं नाही तर ग्रुप फुटतोच. आपल्याकडे बाहेरचा कोच मिळणं अवघड, तर पाळी लावा, जो नोट्स देणार त्याने त्या दिवशी खेळायचं नाही.

पहिल्या शोला नाट्यगृह बुक नका करू, हिवाळ्यात कोणाच्या तरी शेतात भरीत पार्टी ठेवा, ओळखीचेच लोक बोलवा, त्यांच्याकडून एक शब्द घ्या आणि साधं मॉन्टाज करा, म्हणजे त्या शब्दावरून सुचतील ते सुटे सीन एकामागून एक. हॅरॉल्डचं नंतर बघू. वर्कशॉपवाला कटकट करेल, करू द्या.