विचारा, सांगते : क्रीम, खोबरेल आणि उत्तरायणाचं ऊन

(या सदराच्या लेखिकेने बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत ३१ वर्षं क्रीम-लोशनं बनवण्याचं आणि तपासण्याचं काम केलं. थंडीत आलेल्या पत्रांपैकी काहींना त्यांनी या अंकात उत्तरं दिली आहेत.)

सासूबाई म्हणतात, खोबरेल चोळलं की झालं. मी साडेसातशेची लोशनची बाटली आणते. सातला अंघोळ, मग पूजा, डबे उरकून साडेनऊला लावते. तरी दुपारी पिंढऱ्यांवर नखाने पांढरी रेघ उमटते. खरं कोणाचं? — एक सूनबाई, दांडिया बाजार

तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा साडेनऊवर बोट ठेवलं. अंघोळ सातला आणि लोशन साडेनऊला! मधल्या अडीच तासांत जे उडून जायचं ते गेलेलं असतं.

बोस्टनमध्ये आयर्विन ब्लँक नावाचे संशोधक होते. १९५२ साली त्यांनी पायाच्या घट्ट्याचे वाळके, कडक तुकडे घेतले. ते तेलकट पदार्थांत ठेवले तरी कडकच राहिले, पाणी मिळालं तेव्हा लवले. वाळलेल्या पापडाला पाण्याचा हात लागला की तो जसा मऊ पडतो, तसं. म्हणजे कातडी मऊ ठेवतं ते पाणी, आणि तेलाचं काम ते पाणी अडवायचं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या साहेबांनी हे सांगितलं होतं. पुढे कितीही महागडा कच्चा माल हाताखालून गेला, तरी हिशोब याच्या पलीकडे फारसा गेला नाही.

कातडीचा सगळ्यात वरचा थर हाताला-पायाला जेमतेम १५-२० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. मेलेल्या चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि त्यांच्यामध्ये सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लांचा गिलावा. साबणाने, त्यातून बोअरच्या जड पाण्यासोबत, हा गिलावा खरवडला जातो. साबणाचा सामू (pH) ९-१० आणि कातडीचा ५ च्या आसपास, तेव्हा दोघांचं पटणार कसं? त्यात डिसेंबर-जानेवारीत बडोद्याची हवा कोरडी, आणि अशी हवा उघड्या जागेतून पाणी ओढून नेते.

कोणत्याही मॉइश्चरायझरमध्ये म्हणून तीन गडी असतात. ग्लिसरीन किंवा युरियासारखा पाणी धरून ठेवणारा, पेशींच्या फटी भरून हाताला मऊ लागणारी तेलं, आणि वरून झाकण घालणारा. झाकणात पेट्रोलियम जेलीच्या तोडीचं मला आजवर काही भेटलेलं नाही. चिकट लागते म्हणून लोक नाकं मुरडतात, ते वेगळं.

खोबरेल या तिघांतलं मधलं आणि थोडं तिसरं काम करतं. सासूबाईंना सांगा, फिलिपिन्समध्ये २००४ साली ३४ कोरड्या कातडीच्या रुग्णांवर खोबरेल आणि खनिज तेल दोन आठवडे ताडून पाहिलं, तेव्हा दोन्हींनी सारखाच फायदा झाला. त्यांचा पक्ष अगदीच दुबळा नाही. तुमच्या बाटलीत मात्र ग्लिसरीन आहे आणि खोबरेलात ते नाही. दोघींनी एकच करा. अंग टॉवेलने टिपा, खसाखसा पुसू नका, आणि ओल असतानाच तीनेक मिनिटांत लावा. पूजा दहा मिनिटांनी झाली तर देव रागावणार नाहीत.

बाटलीवरचं नावही एकदा वाचा. ‘केशर-बदाम’ असेल तर मागची घटकांची यादी बघा. ती जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते, फक्त एक टक्का आणि त्याखालचे घटक कुठल्याही क्रमाने चालतात. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक (माल सडू न देणारं रसायन) एक टक्क्याहून जास्त घालता येत नाही. म्हणून केशर जर त्याच्या मागे बसलं असेल, तर ते नावापुरतंच पडलंय असं खुशाल समजा. साडेसातशेतले बरेचसे त्या चित्राचे.

भिशीतल्या मैत्रिणींसाठी घरी क्रीम केलं. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, मेण, बदामतेल. पहिल्या दिवशी लोण्यासारखं! चौथ्या दिवशी तळाशी पाणी सुटलं, दहाव्या दिवशी काळे ठिपके. कुठे चुकलं? हे विकता येईल का? — मांजलपूर

तुमच्या दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत, एकात घालू नका.

पाणी सुटलं कारण तेल आणि पाण्याचं लग्न लावणारा मध्यस्थ तुम्ही बोलावलाच नाही. मेण एकटं ते काम नीट करत नाही. जुन्या कोल्ड क्रीममध्ये मेणासोबत टाकणखार घालत, तो मेणातल्या आम्लाशी मिळून साबण बनवी आणि साबण दोघांना धरून ठेवी. आजच्या कारखान्यात ते काम ग्लिसरिल स्टिअरेटसारखे पायसकारक करतात. तेलाचा भाग एका भांड्यात, पाण्याचा दुसऱ्यात, दोन्ही ७०-७५ अंशांवर आणायचे, एकत्र करून होमोजिनायझरखाली घुसळायचे म्हणजे तेलाचे थेंब काही मायक्रॉनचे होतात. मग ढवळत ढवळत गार करायचं. वास आणि उष्णतेने बिघडणारे घटक ४०-४५ अंशांवर आल्यावर.

यातल्या ‘दोन्ही’ या शब्दापायी मी एकदा मेमो खाल्लाय. जानेवारीची रात्रपाळी, पाण्याच्या भांड्याचा थर्मामीटर चुकीचा दाखवत होता आणि मी हात न लावता त्याच्यावर विश्वास ठेवला. तेल ७५ वर, पाणी बहुधा साठच्याही खाली. तेलातलं मेणचट अल्कोहोल पाण्यात पडताच गोठलं आणि सगळी बॅच रवाळ. तूप रवाळ झालं तर घरी कौतुक होतं, क्रीम रवाळ झालं तर वरून बोलावणं येतं. अडीचशे किलो माल होता.

काळे ठिपके म्हणजे बुरशी, आणि ही गोष्ट मला पाण्यापेक्षा जास्त गंभीर वाटते. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, वर स्वयंपाकघरातली ऊब. बुरशीला याहून काय हवं? ठिपके दिसले तेव्हा ती आत आधीच पसरलेली असते आणि जिवाणू तर दिसतही नाहीत. वरचा थर काढून उरलेलं वापरू नका, सगळं टाका. कारखान्यात परिरक्षक घातल्यावरही सुटका नसते. मालात मुद्दाम जंतू सोडतात : स्टॅफिलोकोकस, स्यूडोमोनास, ई. कोलाय, कँडिडा आणि अ‍ॅस्परजिलस बुरशी. मग २८ दिवस ठराविक दिवशी मोजत राहायचं, किती मेले. त्याच वेळी दुसऱ्या बरण्या ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात तीन महिने. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून थर सुटतो का तेही बघायचं. (मे महिन्यात तुमच्या माळ्यावर ठेवलीत तर ही कपाटाची परीक्षा फुकटात होईल.)

विकायचं असेल तर परवाना लागतो, कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे, राज्याच्या औषध नियंत्रण खात्याकडून. भिशीसाठी काही करायचंच असेल तर पाण्याचा थेंबही नसलेला मलम करा. एक भाग मेण, चार-पाच भाग तिळाचं तेल, मंद आचेवर वितळवून कोरड्या डबीत ओता. पाणीच नाही तर बुरशीला घर नाही. ओले हात मात्र डबीत घालू नका.

आजीच्या पद्धतीने ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबू तोंडाला-मानेला लावून उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) दिवशी गच्चीवर गेले. दोन दिवसांनी मानेवर ओघळासारखे तपकिरी पट्टे! — कारेलीबाग

आजी हे रात्री लावत असाव्यात. लिंबाच्या रसात आणि त्याहून सालीत फ्युरोकुमरिन्स असतात. ती उन्हातल्या अतिनील किरणांशी जुळली की कातडी भाजल्यासारखी होते आणि नंतर तपकिरी पडते. पतंगासाठी तुम्ही दिवसभर मान वर करून, दुसऱ्या दिवशीच्या वाशी (शिळ्या) उत्तरायणालाही कदाचित. ओघळाचा आकार असेल तर बहुधा हेच. डाग आठवडे-महिने घेतात, घासू नका, सनस्क्रीन लावा. फोड आले असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. लिंबू काढून टाका, त्याचा सामू २ ते ३, ओलाव्याशी त्याचा संबंधच नाही. ग्लिसरीनही निव्वळ लावू नका. साधारण एक भाग ग्लिसरीनला नऊ भाग गुलाबपाणी, आणि वर क्रीम किंवा तेल.

‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं’ म्हणजे नक्की काय? — सयाजीगंज

तपासलंय, एवढंच. किती जणांवर, किती दिवस, निकाल काय, हे त्या शब्दांत नाही. बहुतेक वेळा स्वयंसेवकांच्या पाठीवर पट्टी लावून लाली येते का हे पाहिलेलं असतं. नवीन क्रीम आणलंत की कोपराच्या खळगीत रोज दोनदा, आठवडाभर लावा. ही तुमची तपासणी छापील वाक्याहून कामाची.

टाचांच्या भेगा. सगळी क्रीमं झाली. — रावपुरा

१० ते २५ टक्के युरिया असलेलं क्रीम घ्या. कमी टक्क्यात युरिया पाणी धरतो, जास्त टक्क्यात जाड कातडी सैल करतो. भेग ओली किंवा रक्ताळलेली असेल तर नको, झोंबेल. मधुमेह असेल तर घरच्या उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना पाय दाखवा.

कोकणातून कोणी येणार असेल तर कोकमतेलाचा गोळा मागवा. आमच्या घरी सावंतवाडीच्या काकूंकडून यायचा. हा ४० अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे उन्हाळ्यातही सहसा ओघळत नाही. पळीत कडेने तुकडा ठेवून गरम करायचा, सोसेल इतका निवला की भेगेत भरायचा. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, टिपून हे भरा आणि सुती मोजे. मोजे घालून मार्बलवर चालू नका. माझ्या नणंदेने चालून पाहिलंय, मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होतं.