काका अंध नाहीत, पण पॅरालिसिसमुळे पुस्तक धरता येत नाही. अंधांच्या लायब्ररीतली पुस्तकं त्यांना मिळतील का?

हो, मिळायला पाहिजेत. आणि कोणी "हे फक्त अंधांसाठी आहे हो" म्हणून फोन ठेवला तर तेवढ्यावर गप्प बसू नका, दुसऱ्या संस्थेला विचारा. मला स्वतःला रेटिनायटिस पिगमेंटोसा (नजर हळूहळू कमी होत जाणारा डोळ्यांचा आजार) आहे, बरीच वर्षं कानानेच वाचतोय, त्यामुळे ही दुनिया बऱ्यापैकी माहितीये.

तुमच्या काकांची केस कायद्यात अगदी सरळ बसते. २०१३ मध्ये मोरोक्कोत मराकेश करार झाला, त्यात कोणाकोणाला ही पुस्तकं देता येतील ते लिहिलंय. अंध आणि कमी दिसणारे तर आलेच, डिस्लेक्सियासारख्या अडचणीमुळे छापील मजकूर वाचता न येणारेही आले, आणि शारीरिक अपंगत्वामुळे ज्यांना पुस्तक धरता येत नाही, पानं उलटता येत नाहीत किंवा वाचायला लागते तशी नजर फिरवता येत नाही तेही आले. भारताने हा करार २०१४ मध्ये मंजूर केला, सगळ्या देशांत पहिला आपला नंबर (असं फार कमी वेळा होतं म्हणून सांगतो). त्याच्याही आधी २०१२ ला आपल्या कॉपीराइट कायद्यात बदल झाला होता, त्यामुळे अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेला नफा न कमावता पुस्तकाचं ऑडिओ, ब्रेल किंवा ई-टेक्स्ट करायला दर वेळी प्रकाशकाच्या दारात जावं लागत नाही. मात्र ती कॉपी ज्याला खरंच गरज आहे त्याच्यापुरतीच असते. म्हणूनच मेंबर होताना अपंगत्वाचा पुरावा मागतात, त्याचा राग मानू नका.

आता कुठे जायचं. सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन लायब्ररी आहे, २०१६ ला सुरू झाली, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि केंद्र सरकारचा दिव्यांगजन विभाग यांनी मिळून काढलेली, तांत्रिक बाजू टीसीएसने सांभाळली. डेझी फोरम म्हणजे देशभरातल्या अशा संस्थांचं नेटवर्क, त्यामुळे तुमच्या जवळची कुठली संस्था त्यात आहे ते बघून तिच्यामार्फत नाव नोंदवणं सोपं पडतं. मुंबईत असाल तर वरळीला नॅब ही अंधांसाठी काम करणारी संस्था आहे, झेवियर्स कॉलेजमध्ये एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आहे, फोन करून विचारा. काकांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्र, काढलंय का? नसेल तर ते आधी मार्गी लावा, ऑनलाइन अर्ज आणि मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी, त्यात वेळ जातो, आणि ते नुसतं लायब्ररीपुरतं नाही तर पुढे इतर ठिकाणीही लागतं.

एक गोष्ट मात्र आधी बघून घ्या. काकांचा पॅरालिसिस स्ट्रोकमुळे असेल तर हे लक्षात घ्या, स्ट्रोकनंतर काही जणांचे डोळे ठीक असतात पण मेंदूच अक्षरं जुळवत नाही, काहींना नजरेची डावी अर्धी बाजूच दिसत नाही म्हणजे ओळीची सुरुवातच गायब, आणि काहींना तर ऐकलेलं भराभर समजत नाही. घरचे म्हणतात हात चालत नाही म्हणून वाचत नाहीत, आणि कारण भलतंच निघतं. त्यांच्या स्पीच थेरपिस्टला विचारा, ऐकलेलं समजायला जड जात असेल तर छोट्या गोष्टी, कमी स्पीड, असं सुरू करावं लागेल.

फॉरमॅटचं म्हणाल तर माणसाच्या आवाजातलं डेझी ऑडिओ (डेझी म्हणजे अशा बोलक्या पुस्तकांचा खास फॉरमॅट) मिळालं तर सोनं. एका धड्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येते आणि प्लेअर जिथे थांबलो तिथून परत सुरू करतो, एका हाताने फोन चालवणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं. नुसतं ई-टेक्स्ट मिळालं तर फोनचा मराठी आवाज वाचून दाखवतो, सवय व्हायला वेळ लागतो पण होते. स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांचा मात्र वैताग आहे, रफार उडालेले, जोडाक्षरं फुटलेली, आणि ऐन रंगात आलेल्या वाक्याच्या मध्ये पान नंबर वाचला जातो 😅

मराठीचं कपाट इंग्रजीच्या मानाने लहानच आहे हे आधीच सांगून ठेवतो, काकांना हवं ते पुस्तक लगेच सापडेलच असं नाही. पण संस्थेला पुस्तक करून द्या अशी विनंती करता येते, काही ठिकाणी व्हॉलंटियर वाचून रेकॉर्ड करतात. तेव्हा मेंबरशिपचं काम चालू असतानाच काकांना विचारून पाच-सहा पुस्तकांची नावं लिहून ठेवा, आणि त्यांना आवडतात ती लिहा हं, घरच्यांना वाटतं म्हणून सगळी अध्यात्माची नकोत. मोबाइलला एक जड स्टँड घ्या, चांगल्या हाताच्या बाजूला ठेवा.