मोंबासातल्या मिशन ट्रिपच्या शेवटी निरोप कसा घ्यावा?

तुम्ही विचारलंय की नाशिकच्या तरुण संघातले 11 जण 12 दिवसांसाठी केनियातल्या मोंबासाजवळच्या एका मंडळीत आणि बालगृहात सेवेला जाताहेत, तर शेवटचा दिवस कसा आखावा आणि मुलं रडायला लागली तर काय करावं.

निघायच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम ठेवूच नका. नैरोबीची गाडी मिरितीनी स्टेशनावरून सुटते. तिथे बॅगा ओळीत मांडून कुत्र्यांकडून हुंगवून घेतात, मग स्कॅनर असतो, म्हणून दीड तास आधी पोचावं लागतं. त्या धावपळीत प्रार्थना उरकली जाते आणि मुलांना नुसती जाणाऱ्या गाडीची पाठ दिसते. निरोप आदल्या संध्याकाळीच घ्या.

मुलांना मात्र तीन दिवस आधी सांगा. एका कागदावर तीन चौकोन काढून भिंतीला लावा आणि रोज संध्याकाळी त्यांच्याच हातून एक खोडून घ्या. बालगृहातल्या मुलांनी माणसं अचानक नाहीशी होताना आधीच पाहिलेली असतात. न सांगता गेलात तर लहान मुलाला वाटतं, आपलंच काही चुकलं. रडू आलं तर रडू द्या, शेजारी बसा. चॉकलेट देऊन गप्प करू नका. जवळ घ्यायचं ते तिथल्या सांभाळणाऱ्या मावशींनी, कारण उद्याही त्याच असणार आहेत.

सगळ्यात मोठी चूक जिभेवरची असते. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि ते वचन आहे असं आपल्याकडे कुणी धरत नाही. दुभाषाने तेच स्वाहिलीत ‘तुतारुदी’ केलं की त्याचा अर्थ ‘आम्ही परत येऊ’ एवढाच होतो, आणि मूल पुढच्या वर्षी फाटकाकडे बघत बसतं. तिकीट हातात नसेल तर हा शब्द उच्चारू नका. ‘आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू’ म्हणा, पण तेही खरोखर करणार असाल तरच.

कार्यक्रम तिथल्या पाळकांच्या हाती असू द्या. तुमच्याकडून एकानेच बोलावं, तीन मिनिटं; भाषांतर धरून ती सहा-सात होतात. ‘असांते साना’ (खूप आभार), ‘मुंगु आवाबारिकी’ (देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो) आणि अनेकांना उद्देशून ‘क्वाहेरीनी’ (निरोप घेतो) एवढं तोंडपाठ करा. मग तुम्ही मधे उभे राहा आणि त्यांना तुमच्यासाठी प्रार्थना करू द्या. बारा दिवस देणाऱ्याच्या जागी राहिलेल्या टीमला हे जड जातं, पण याच्याइतकं मोलाचं दुसरं काही त्या संध्याकाळी होत नाही.

बोलताना नाशिकच्या शरणपूरचा उल्लेख जरूर करा. समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे आपल्या शरणपूरच्या मिशनमध्ये येत, शिकत, कामधंदा शिकत. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांमधला जेकब वेनराइट तिथलाच. 1875 मध्ये मोंबासाजवळ फ्रिअरटाऊन ही सोडवलेल्या गुलामांची वसाहत वसली तेव्हा नाशिकची ही माणसं तिथे जाऊन राहिली. तिथली जुनी घंटा आजही आहे. त्या भागाचं नावच केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी. निघण्याआधी एक सकाळ तिथे जा. शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्यांनी हे चुकवू नये.

निघताना लोक तुमच्याबरोबर चालत येतील. याला ते ‘कुसिंदिकिझा’ म्हणतात, आपलं वेशीपर्यंत पोचवणंच. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20 मध्ये इफिसचे वडील पौलाला तारवापर्यंत पोचवतात, तेच हे. त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा. गाडी दाराशी बोलावू नका, पुढे रस्त्यावर उभी करा.

भेटवस्तू एकेका मुलाला देऊ नका, बालगृहाला द्या. फुटबॉल देणार असाल तर पंप आणि दोन सुया बरोबर द्या. पंपाविना चेंडू महिन्याभरात कोपऱ्यात पडतो. सामान कापडी पिशव्यांतून न्या, केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर 2017 पासून बंदी आहे. ते जे देतील ते दोन्ही हातांनी घ्या. लेसो (तिकडच्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते रंगीत कापड) मिळाला तर त्याच्या काठावर छापलेली स्वाहिली ओळ देणाऱ्याकडूनच वाचून, अर्थ समजावून घ्या. जिवंत कोंबडी मिळाली तर नाही म्हणू नका. आभार मानून घ्या आणि पाळकांना विचारून स्वयंपाक करणाऱ्या घरी द्या.

मुलांना कुणीही खासगी नंबर देऊ नये, आणि त्यांचे चेहरे नाव-गाव लिहून स्टेटसला टाकू नयेत. संपर्क एकच: त्यांचे पाळक आणि तुमचा प्रमुख.

यलो फीव्हरच्या लशीचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, मुंबईत उतरल्यावर लागतं. मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्या.

शेवटी कुणीतरी ‘वासालिमिये’ म्हणेल, म्हणजे तिकडच्यांना आमचा सलाम सांगा. हा सलाम आपल्या मंडळीतलाच शब्द. पहिल्या रविवारी उपासनेत तो उभं राहून सांगा आणि त्याच संध्याकाळी पाळकांना फोन करून पोचल्याचं कळवा. आपले साडेनऊ म्हणजे तिथले सात.