हिरड्यांतून रक्त येते म्हणून ब्रश सोडावा का?

प्रश्न : माझे वय 48 आहे. काही महिन्यांपासून दात घासताना रक्त येते आणि समोरच्या हिरड्या फुगल्या आहेत. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेतो. ब्रश सोडून बोटाने दंतमंजन लावतो. दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, असे शेजारी सांगतात. काय करावे?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ब्रश आजच पुन्हा सुरू करावा, मात्र तो मऊ केसांचा असावा. दात आणि हिरडी यांच्या कडेला साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरामुळे हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीतून रक्त येते. घासणे थांबले की हाच थर वाढून त्याचे कीटण होते. सूज हिरडीपुरती असेल, म्हणजे जिंजिव्हायटिस असेल, तर स्केलिंग, म्हणजे दंतवैद्याकडून दातांवरचे कीटण काढून घेणे, आणि रोजची नीट स्वच्छता यांनी हिरडी पूर्ववत होते.

सूज खोल उतरून दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागले, की तो पेरिओडॉन्टायटिस. आपल्याकडे त्यालाच पायोरिया म्हणतात. हा फरक आरशात पाहून कळत नाही. त्यासाठी दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई हिरडीच्या फटीत अलगद घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. 3 मिलिमीटरपर्यंतची खोली सहसा ठीक मानतात. त्याहून जास्त भरली आणि एक्स-रेमध्ये हाड खाली गेलेले दिसले, तर मुळांवरचे कीटणही खरवडून काढावे लागते, क्वचित शस्त्रक्रियाही करावी लागते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे त्यांचा आजार बराच काळ लपून राहतो.

शेजाऱ्यांचे म्हणणे उलटे आहे. हाड आधीच झिजलेले असते; कीटणाने जखडलेला दात ते काढल्यावर हलताना जाणवतो, इतकेच.

आपल्या बाबतीत अम्लोडिपिनचाही विचार करावा लागेल, कारण या औषधाने काही जणांच्या हिरड्या, विशेषतः दोन दातांमधल्या, वाढतात. गोळी स्वतःहून बंद करू नये. ती बदलता येईल का, हे ज्यांनी दिली त्याच डॉक्टरांना विचारावे. रक्तातील साखरही तपासावी, कारण मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या आजारांवर उपचार होतात; तेथे जाताना चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी.