सगळे कर्मचारी सरकारचेच, मग निवडणूक आयोग स्वतंत्र कसा?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. केंद्रावर शिक्षक आणि तलाठी, बंदोबस्ताला पोलीस, वर जिल्हाधिकारी, हे सगळे सरकारचा पगार घेत असताना आयोगाला स्वतंत्र का म्हणायचं, हा पहिला. आणि आयोग एवढा ताकदवान असेल तर महापालिकांच्या निवडणुका वर्षानुवर्षं का रखडल्या, हा दुसरा. मी शिक्षिका आहे, केंद्राध्यक्ष म्हणून निवडणुकीचं काम केलं आहे. "राज्यघटनेत तसं लिहिलंय" एवढ्या उत्तरावर मी स्वतःसुद्धा समाधानी नसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आयोगाकडे स्वतःची माणसं जवळजवळ नाहीतच. दिल्लीत तीन आयुक्त आणि एक बेताचं सचिवालय. २०२४ च्या लोकसभेला मतदार होते जवळपास ९७ कोटी आणि मतदान केंद्रं सुमारे साडेदहा लाख. एवढी माणसं कायमची पदरी बाळगणं शक्यच नाही, म्हणून ती सरकारकडून घ्यावी लागतात. राज्यघटनेच्या कलम ३२४ मध्येच ती सोय आहे: आयोगाने मागितलं की राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी कर्मचारी उपलब्ध करून द्यायचे. पण खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दिलेला माणूस त्या दिवसांत कोणाचं ऐकणार?

याचं उत्तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम २८ अ मध्ये आहे, आणि ते कलम मूळ कायद्यात नव्हतं, १९८० च्या दशकाच्या शेवटी घातलं गेलं. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत निवडणुकीच्या कामावरचा प्रत्येक अधिकारी आणि पोलीस हा आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहे असं मानायचं, आणि तेवढ्या काळात त्याच्यावर नियंत्रण, देखरेख आणि शिस्त आयोगाची. पगार सरकारचा, हुकूम आयोगाचा.

कलम आलं म्हणून लगेच कोणी जुमानलं नाही. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये थेट आदेश काढला की आयोगाचे अधिकार सरकार मान्य करेपर्यंत देशात एकही निवडणूक होणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कामचुकार किंवा पक्षपाती अधिकाऱ्याला आयोग निलंबित करू शकतो, बदलू शकतो, यावर सरकार आणि आयोगाची तडजोड व्हायला २००० साल उजाडलं. शेषन यांच्या स्वभावाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं, पण माझ्या मते त्यांनी लावून धरलेला हा मुद्दाच सगळ्यात मोलाचा होता. त्याचा परिणाम तुम्ही अलीकडेच पाहिलात. महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाला काही दिवस उरले असताना, नोव्हेंबर २०२४ मध्ये, आयोगाने राज्याच्या पोलीस महासंचालकांना पदावरून हलवलं. निकाल लागला, आचारसंहिता उठली आणि राज्य सरकारने त्यांना पुन्हा त्याच पदावर आणलं. आयोगाचा अधिकार किती मोठा आणि किती थोड्या दिवसांचा, हे त्या एका बदलीतून कळतं.

आता केंद्रावरची गोष्ट. आमची नेमणूक संगणकावरच्या सरमिसळीतून होते, तीही तीन टप्प्यांत. आधी माणसं निवडली जातात, मग त्यांची पथकं बनतात आणि कोणतं पथक कोणत्या केंद्रावर जाणार हे अगदी शेवटी, निघायच्या वेळी कळतं. ज्या विधानसभा मतदारसंघात तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथे तुम्हाला पाठवत नाहीत. म्हणजे मला "सांभाळून घ्या" म्हणायला कोणी आदल्या आठवड्यात घरी यायचं ठरवलं, तरी त्याला माझं केंद्र माहीत नसतं आणि मलाही नसतं.

मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, घ्यावं लागतं. किमान ५० मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. यंत्राचा निकाल आणि व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे प्रत्येक मताची चिठ्ठी छापणाऱ्या जोडयंत्रातल्या, चिठ्ठ्या जुळवून दाखवायच्या. मग 'क्लिअर'चं बटण दाबून यंत्र शून्यावर आणायचं, चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या आणि प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या. भल्या पहाटे, दिव्याच्या उजेडात, एकमेकांशी अजिबात न पटणारे प्रतिनिधी खुर्च्या जवळ ओढून चिठ्ठ्या मोजतात. मला त्या कामातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

संध्याकाळी शेवटच्या मतदाराचं मत झालं की 'क्लोज' दाबायचं आणि यंत्रावरची एकूण मतं नमुना १७ सी मध्ये लिहायची. या कागदाबद्दल बाहेर फार कमी लोकांना माहिती असते. केंद्रावर किती मतं पडली, यंत्रांचे आणि सीलचे क्रमांक कोणते, हे सगळं त्यात येतं आणि त्याची सही केलेली प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला द्यावीच लागते. मतमोजणीला यंत्रावरची एकूण मतं आणि १७ सी वरचा आकडा जुळवून पाहतात. म्हणजे रात्री पेट्या स्ट्राँगरूमला पोहोचण्याआधीच त्या केंद्राचा आकडा विरोधी पक्षाच्या खिशात असतो. मात्र त्यासाठी त्या पक्षाचा माणूस शेवटपर्यंत केंद्रावर बसलेला हवा. दुपारीच उठून गेला तर प्रत कोणाला देणार? यंत्रावर आरोप करणाऱ्या पक्षांनी आपले सगळे १७ सी गोळा करून ठेवले आहेत का, हा प्रश्न त्यांना नागरिकांनी विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा पहिल्या भागाचं माझं उत्तर असं: खालच्या पातळीवर आयोगाची स्वायत्तता बऱ्यापैकी भक्कम आहे. कमकुवत आहे ती वरची बाजू.

संविधान सभेत जून १९४९ मध्ये हा विषय आला तेव्हा सभेचे सदस्य शिब्बनलाल सक्सेना यांची मागणी होती की मुख्य आयुक्ताच्या नेमणुकीवर संसदेच्या दोन तृतीयांश बहुमताची मोहोर असावी, नाहीतर सत्ताधारी पक्ष आपला माणूस आणून बसवेल. डॉ. आंबेडकरांनी ही भीती उडवून लावली नाही. अयोग्य माणूस त्या पदावर येऊ नये यासाठी मसुद्यात काहीच अटकाव नाही, हे त्यांनी सभागृहात मान्य केलं. शेवटी नेमणूक राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात सरकारकडे राहिली, आणि त्याबाबत कायदा करायचं संसदेवर सोडलं. तो कायदा व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीने नावं सुचवावीत. कायद्यात सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री आला. तिघांत दोघे सरकारचे. नेमलेली माणसं कितीही चांगली असोत, ही रचना मला चुकीची वाटते, आणि सत्तेत कोणता पक्ष आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरी उणीव अशीच. मुख्य आयुक्तांना काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढताना लागते तीच अवघड प्रक्रिया लागते. बाकीच्या दोघांना हे कवच नाही, मुख्य आयुक्तांची शिफारस त्यांच्यासाठी पुरते. आयोगाचे निर्णय एकमत झालं नाही तर बहुमताने होतात, मग तिघांपैकी दोघे कमी सुरक्षित का? कायद्यांतल्या सुधारणांबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात हे संरक्षण तिघांनाही सारखं द्या आणि आयोगाला स्वतःचं स्वतंत्र सचिवालय द्या, असं सुचवलं होतं.

आता महापालिका. त्या निवडणुका हा आयोग घेतच नाही. ते काम राज्य निवडणूक आयोगाचं. ती वेगळी घटनात्मक संस्था आहे, ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेली. अधिकार कागदावर सारखेच दिसतात, पण एक फरक मोठा आहे. लोकसभा आणि विधानसभेच्या मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो. आपल्याकडे मात्र मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून प्रभागरचनेचा, म्हणजे वॉर्डांच्या सीमा ठरवण्याचा, अधिकार राज्य आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होताच. प्रभाग नक्की नाहीत, आरक्षण नक्की नाही, मग मतदारयाद्या प्रभागवार फोडणार कशा आणि तारीख कशाच्या आधारावर देणार? मुदत संपलेल्या मुंबई आणि पुण्यासारख्या महापालिकांवर २०२२ पासून प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं तेव्हा कुठे प्रभागरचनेचं काम नव्याने सुरू झालं, आणि तेही राज्य सरकारच्या आदेशाने.