एमएसच्या जागेसाठी फ्लॅट विकावा का?

प्रश्न : मुलगी एमबीबीएस झाली असून तिला स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातच पुढे जायचे आहे. नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर अभिमत (डीम्ड) विद्यापीठात एमएस ही पदव्युत्तर पदवी (तीन वर्षे, फी वर्षाला 22 लाख रुपये) किंवा नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात डीएनबी (रुग्णालयात राहून करायचा, एमएसशी समकक्ष अभ्यासक्रम) मिळू शकेल. मी 56 वर्षांचा शिक्षक आहे. सांगलीतला छोटा फ्लॅट विकून 26 लाख उभे करावेत आणि उरलेल्या 40 लाखांचे कर्ज काढावे का?

उत्तर : पसंतीक्रम भरण्याआधी कर्जाचा हिशेब शेवटपर्यंत मांडून पाहावा. 40 लाख तीन वर्षांच्या आरंभी समान भागांत उचलले आणि व्याज 10 टक्के धरले, तर अभ्यासक्रम व हप्ते सुरू होण्याआधीचे पुढचे सहा महिने संपेपर्यंत नुसते सरळ व्याजच 10 लाख होते; म्हणजे 50 लाखांवर दहा वर्षे दरमहा सुमारे 66 हजारांचा हप्ता सुरू होईल, आणि तोवर आपण निवृत्त झालेले असाल. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. फ्लॅट विकल्यावर तारणाला उरेल ते राहते घर. शैक्षणिक कर्जावरची प्राप्तिकर वजावट फक्त व्याजावर, आठ वर्षांपर्यंत आणि जुन्या करप्रणालीतच मिळते, तेव्हा तिच्यावर फार विसंबू नये.

डीएनबीही तीन वर्षांचीच असून तिथे विद्यावेतन मिळते. मात्र या शाखेत मोल आहे ते हाताला मिळणाऱ्या कामाचे. रात्री दोनला अडलेली बाई आली, तर सिझेरियन निवासी डॉक्टर स्वतः करते की रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला ओढणारे उपकरण) धरून उभी राहते, हा फरक माहितीपत्रकात कुठेच छापलेला नसतो. खासगी रुग्णालयात बहुतेक रुग्ण वरिष्ठ डॉक्टरांचे असल्याने ही शंका अधिक रास्त. पण भरमसाट फी घेणाऱ्या महाविद्यालयाचे प्रसूती कक्षही भरलेले असतीलच असे नाही. म्हणून मुलीने दोन्हीकडच्या तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना गाठून महिन्याला प्रसूती किती होतात आणि त्यांनी स्वतः किती सिझेरियन केली, हे विचारावे. लॉगबुक, म्हणजे त्यांनी केलेल्या कामाची नोंदवही, पाहायला मिळाले तर उत्तमच.

काम साधारण सारखे निघाले, तर माझ्या मते डीएनबी वर ठेवावी. नाशिकला काम कमी आढळले, तरी एमएसच्या 66 लाखांकडे वळण्याआधी वर्दळीच्या सरकारी रुग्णालयांतील डीएनबीच्या जागा यादीत घालाव्यात. फ्लॅट तूर्त राहू द्यावा. पुढे लॅपरोस्कोपीचे प्रशिक्षण, सोनोग्राफी यंत्र, 1994 च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखालची नोंदणी आणि व्यावसायिक विमा यांना भांडवल लागेल, तेव्हा तो तिच्या उपयोगी पडेल.