पाहुणा म्हणून घरी येऊ नकोस

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

परवा सराव संपल्यावर गुडघ्याची पट्टी सोडता सोडता तू विचारलंस, "सर, बाळ तीन महिन्यांचं होईल तेव्हा मी शिबिरात असेन. तुम्ही कसं जमवलं होतं?" कळव्याच्या कबड्डीच्या मैदानावर आजूबाजूला पोरं उभी होती, म्हणून मी "बोलू नंतर" म्हटलं. खरं उत्तर असं आहे की मला जमलं नव्हतं. समोरासमोर पुन्हा टाळलं असतं, म्हणून लिहून पाठवतोय.

माझी थोरली चौदा महिन्यांची होती. शिबिर आणि स्पर्धा मिळून पाच आठवडे मी बाहेर. पहाटे ठाण्याला उतरलो, घरी आलो, ती नुकतीच उठलेली. मी हात पुढे केले. तिने माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या काकूंच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि रडायला लागली. मग मी काय केलं? पिशवी ठेवली, उभ्याउभ्या चहा घेतला आणि मैदानावर निघून गेलो. तिथे मला सगळे ओळखत होते. त्यानंतरही कितीतरी वर्षं घरात अवघडल्यासारखं झालं की मी मैदान गाठायचो आणि लोक त्याला माझी मेहनत म्हणायचे. ती मेहनत नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. आठव्या-नवव्या महिन्यापासून मुलं नवख्या माणसाला बिचकतात, ते वाढीचं लक्षण असतं. पाच आठवड्यांनी उगवलेला बाप तिच्यासाठी नवखाच होता. तुझ्या बाबतीतही हे होणार, तेव्हा आत्ताच ऐकून ठेव. घरी आल्याआल्या बाळाला उचलायची घाई करू नकोस. जमिनीवर बस, बाळाच्या आईशी बोलत राहा. तू बचावात कोपऱ्यात खेळतोस. चढाईवाला पाय टाकेपर्यंत दम धरायचा हे तुला नव्याने शिकवायला नको. अर्ध्या तासाने, नाहीतर दुसऱ्या दिवशी, बाळ आपणहून येईल. आणि त्या दिवशी मैदानावर जाऊ नकोस. एक दिवस सराव बुडाला तर मी काही बोलणार नाही.

आमच्या वेळी बाहेर राहणं म्हणजे बहुतेकदा आठ-दहा दिवसांच्या स्पर्धा, मध्ये नोकरी, मध्ये घर. तुमचं गणित वेगळं आहे. प्रो कबड्डीचा २०१४चा पहिला हंगाम २६ जुलैला सुरू झाला आणि ३१ ऑगस्टला संपला. २०१७ साली बारा संघ झाले आणि हंगाम २८ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत लांबला. त्याच्या आधीचं शिबिर धर, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा घराबाहेर. शिवाय महिना ठरलेला नाही. २०१८ला ऑक्टोबरात सुरुवात झाली, २०२१ला आणि २०२३ला डिसेंबरात. म्हणून "दिवाळीला नक्की असेन", "वाढदिवसाला नक्की येईन" असले शब्द घरी देऊ नकोस. मी दिले होते. शब्द मोडला की बायको एकदा समजून घेते, दोनदा घेते, मग विचारायचंच सोडून देते. तिने विचारणं सोडलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

तारखांपेक्षा कामं वाटून घे. तू एरवी "मदत करतो" म्हणतोस ना, तो शब्द आधी काढून टाक. मदत परका करतो. एखादं काम पूर्ण तुझं असू दे, म्हणजे त्याची आठवणही सूनबाईला ठेवावी लागू नये. मी सांगेन, लसीकरण घे. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नववा महिना. कार्ड तुझ्या बॅगेत नको, पण त्याचा फोटो तुझ्या मोबाइलमध्ये हवा. तारीख तू लक्षात ठेवायची, डॉक्टरांना फोन तू करायचा, सुई टोचताना बाळ तुझ्या मांडीवर. रात्री अंग तापलं तर जागायचं तूच. साडेतीन महिन्यांची सुई तुझ्या शिबिरात येते आहे. तेव्हा सोबत कोण जाणार, रिक्षा कोण बघणार, हे निघण्याआधी तू ठरवून जायचं. शंभर व्हिडिओ कॉल करून बाप होता येत नाही, असल्या एका कामाने होता येतं.

कॉलचं आलंच आहे तर तेही सांगतो. तुमचे सामने रात्रीचे. सामना, बर्फाचा शेक, जेवण उरकून तू फोन करणार साडेअकराला, आणि नुकतंच झोपवलेलं बाळ तुझ्यासाठी उठवलं जाणार. असं करू नकोस. सकाळी अंघोळीच्या वेळी कर. बाळ तेल लावून घेत असतं, आजी गाणं म्हणत असते. फोन भिंतीला टेकवून ठेवायला सांग आणि तू नुसता आवाज देत राहा, रोज तेच दोन शब्द. चेहऱ्याआधी आवाज ओळखीचा होईल.

आता रजेचं. केंद्र सरकारी नोकरीत असलेल्या बापाला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ती घेता येते. तुझ्यासारख्या कराराच्या खेळाडूला कायद्याने असं काही नाही. म्हणून दुसऱ्या बाळाच्या वेळी करारावर सही करण्याआधी बोल. विराट कोहली २०२०च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पहिल्या कसोटीनंतर बाळाच्या जन्मासाठी घरी परतला. त्या कसोटीत संघ ३६ धावांत गडगडला होता, तो स्वतः कर्णधार होता, तरी तो निघाला, कारण रजा आधीच ठरली होती. रहाणेने संघ सांभाळला आणि मालिका आपण २-१ जिंकली. २०२४ला रोहित शर्मा मुलाच्या जन्मामुळे पर्थच्या कसोटीला नव्हता, बुमराने नेतृत्व केलं, तोही सामना आपण जिंकला. उलट २०१५च्या फेब्रुवारीत धोनीला मुलगी झाली तेव्हा तो विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियात होता आणि तिथेच थांबला. त्याच्या निर्णयावर मी बोलणार नाही, ते त्याचं घर आहे. पण संघ कुणावाचून अडत नाही, हे एवढ्या मोठ्यांच्या बाबतीत दिसलं, मग आपण कोण?

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते विराट आणि रोहित होते, परतल्यावर त्यांची जागा तिथेच होती. तू सात दिवस गेलास तर राखीव खेळाडू तुझ्या कोपऱ्यात उभा राहील, दोन पकडी करेल आणि तुझं नाव मागे पडेल. हे होऊ शकतं, मी खोटा धीर देणार नाही. तरी माग. कोपऱ्यातली जागा खेळून परत मिळवता येते.

झोपेबद्दल मात्र मी खेळाडूच्या बाजूने आहे. झोप अपुरी असली की पाय अर्धा क्षण उशिरा निघतो, आणि आपल्या जागेवर गुडघा त्या अर्ध्या क्षणातच जातो. गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट तुटलं की नऊ महिने तरी गेले. इथल्या स्पर्धांच्या आदल्या रात्री दुसऱ्या खोलीत झोप, मनात अपराधी वाटू देऊ नकोस. पण सूनबाईशी बोलून झोप, आणि सामन्यानंतरची पहिली रात्र बाळ तुझं. अंग कितीही ठणकत असलं तरी.

सूनबाईबद्दल एकच. माझ्या बायकोने मला एकदा, अजिबात न चिडता, सांगितलं होतं, "तुम्ही घरी आलात की आम्हाला पाहुणचार करावा लागतो." मी आलो की मटण व्हायचं, मुलांना गप्प बसवलं जायचं, माझी झोप मोडू नये म्हणून खालच्या पोरांना दटावलं जायचं. घराची घडी मी नसताना नीट चालायची आणि मी आलो की विस्कटायची. तू परत येशील तेव्हा घराची वेळ बदलू नकोस, तू त्या वेळेत शिर. पहिल्या दिवशी विचार, "सध्या किती वाजता झोपवतेस? काय खातं?" तीन महिन्यांत सगळं बदललेलं असेल.

रविवारी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला फिरायला येतो म्हणाला होतास. दोघंच नको, बाळालाही आण. सहा आठवडे होतील, सुई झालेली असेल. आणि त्या उजव्या गुडघ्याची पट्टी बांधूनच ये, परवा तू पाय टेकवताना कचरत होतास.

तुझे,
सर